दूषित मातीतून जिवाणूची नवी प्रजाती कशी ओळखावी : नव्या अभ्यासकांसाठी

सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात प्रकल्पाचे दिवस आले की एक वाक्य हमखास कानावर पडते : "सर, आम्हाला नवा जिवाणू सापडलाय, तो कीटकनाशक खातो." यातला दुसरा भाग खरा असू शकतो, पण पहिल्या भागाशी त्याचा काहीही संबंध नसतो. जिवाणू काय खातो यावरून तो नवा ठरत नाही. आजवर रीतसर वर्णन झालेल्या त्याच्या सर्वांत जवळच्या नातेवाइकापेक्षा तो पुरेसा वेगळा आहे, हे दाखवता आले तरच तो नवा ठरतो. पुढे सांगितलेल्या सगळ्या खटाटोपाचे सार म्हणजे ही तुलना प्रामाणिकपणे आणि कोणालाही पुन्हा करून पाहता येईल अशा रीतीने करणे.

आधी शब्दांबद्दल थोडेसे. जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांत आणि विश्वकोशात 'प्रजाती' हा शब्द वरच्या गटासाठी आणि 'जाती' हा खालच्या गटासाठी येतो. वृत्तपत्रांनी मात्र 'प्रजाती' हा शब्द खालच्या गटासाठी रूढ करून टाकला आहे. या लेखात वाचकांच्या सवयीप्रमाणे खालच्या गटाला प्रजाती आणि वरच्या गटाला वंश म्हटले आहे. स्फिंगोबियम इंडिकम या नावात स्फिंगोबियम हा वंश आहे आणि पूर्ण जोडनाव प्रजातीचे आहे.

उदाहरण म्हणून लखनौजवळच्या उम्मरी आणि चिनहट या ठिकाणांची माती डोळ्यांसमोर ठेवू. एचसीएच हे कीटकनाशक आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना बीएचसी पावडर किंवा गॅमेक्झिन या नावाने ठाऊक आहे. कारखान्यात ते तयार होताना निरनिराळ्या समघटकांचे (तेच अणू, पण वेगळी मांडणी असलेल्या रेणूंचे) मिश्रण हाती येते आणि कीटक मारणारा गॅमा समघटक, म्हणजेच लिंडेन, त्यात जेमतेम दहा-बारा टक्के असतो. लिंडेन वेगळे काढून घेतले की उरलेला पांढरा चोथा कुठेतरी टाकला जातो. भारतात मिश्र एचसीएचवर १९९७ साली बंदी आली आणि २००९ साली लिंडेनचा समावेश चिवट प्रदूषकांवर निर्बंध घालणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत झाला, पण टाकलेला चोथा जागच्या जागीच राहिला. उम्मरीच्या ढिगाऱ्याजवळ केलेल्या एका अभ्यासात ढिगाऱ्याच्या मातीत दर ग्रॅमला ४५० मिलिग्रॅम एचसीएच आढळले, एक किलोमीटरवर ०.७ मिलिग्रॅम आणि पाच किलोमीटरवर ०.०३ मिलिग्रॅम. दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. रूप लाल यांच्या गटाने या परिसरातून स्फिंगोबियम उम्मरिएन्स, स्फिंगोबियम चिनहटेन्स, डेव्होसिया लखनौएन्सिस, अॅसिनेटोबॅक्टर इंडिकस अशा बऱ्याच प्रजातींची वर्णने प्रसिद्ध केली. दूषित मातीतून नव्या प्रजाती शोधण्याचे भारतातले इतके सलग काम मला दुसरे ठाऊक नाही, म्हणून पुढची बरीचशी उदाहरणे तिथलीच आहेत.

माती गोळा करताना

वर दिलेल्या तीन आकड्यांतच नमुने कसे घ्यावेत याचा धडा आहे. केवळ सर्वांत दूषित जागेची माती आणू नये. तिच्याबरोबर मध्यम दूषित आणि शक्य तितक्या स्वच्छ जागेची, पण त्याच प्रकारची माती आणावी. ढिगाऱ्यात सापडलेला जिवाणू पाच किलोमीटरवरच्या बांधावरही तितकाच असेल, तर त्याचा प्रदूषणाशी संबंध जोडताना आवाज खाली आणावा लागतो.

जागेच्या मालकाची किंवा संबंधित यंत्रणेची लेखी परवानगी आधीच घ्यावी. वरचा पालापाचोळा बाजूला सारून साधारण १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती निर्जंतुक चमच्याने पाच ठिकाणांहून घ्यावी, एकत्र कालवावी, निर्जंतुक पिशवीत भरावी आणि बर्फाच्या पेटीतून आणावी. अक्षांश-रेखांश, तारीख, खोली, मातीचा सामू, ओलावा आणि प्रदूषकाचे प्रमाण यांची नोंद त्याच दिवशी करावी, कारण दोन वर्षांनी प्रजातीचे वर्णन लिहायला बसल्यावर हीच माहिती मागितली जाते आणि तेव्हा ती कोणाच्याच वहीत सापडत नाही. माती उन्हात वाळवू नये. दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळून ती चार अंश सेल्सियसला ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर वापरावी.

हातमोजे आणि धूळ अडवणारा चांगला मुखपट्टा वापरणे ही औपचारिकता नव्हे. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात : ऑटोक्लेव्हमुळे, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रामुळे, जिवाणू मरतात, एचसीएच नष्ट होत नाही. वापरलेल्या प्लेट (जिवाणू वाढवण्याच्या उथळ बशा) ऑटोक्लेव्हमधून काढल्यावर रासायनिक घातक कचऱ्यातच गेल्या पाहिजेत, पालिकेच्या कचराकुंडीत नव्हे.

वसाहती वाढवणे

एक ग्रॅम माती नऊ मिलिलिटर निर्जंतुक क्षारद्रावणात मिसळून दहापट विरल करावी आणि हीच कृती पुढे करत दशलक्षपटीपर्यंत जावे. समजा, दहा हजारपट विरल केलेले ०.१ मिलिलिटर द्रावण प्लेटवर पसरले आणि ८६ वसाहती (एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके) आल्या. तर एक ग्रॅम मातीत ८६ लाख वाढणारे जिवाणू होते. मातीत २० टक्के पाणी असेल तर हाच आकडा कोरड्या मातीच्या हिशेबाने एक कोटी साडेसात लाखांवर जातो. प्रबंधांत हा ओलाव्याचा हिशेब वारंवार राहून जातो.

अन्नमाध्यम निवडताना नवशिक्यांचा कल पौष्टिक माध्यमाकडे असतो. तो टाळावा. मातीतल्या जिवाणूंना उपासमारीची सवय असते; दहापट पातळ केलेले न्यूट्रिएंट अगार (अगार म्हणजे माध्यम घट्ट करणारी जेली) किंवा आर-टू-ए हे माध्यम त्यांना अधिक मानवते. तापमान २८ अंश ठेवावे आणि प्लेट निदान तीन आठवडे फेकू नयेत. दोन दिवसांत दिसणाऱ्या टपोऱ्या वसाहती बहुधा बॅसिलस किंवा स्यूडोमोनास या ओळखीच्या वंशांच्या असतात. नवे सापडण्याची शक्यता दहाव्या-बाराव्या दिवशी, भिंगातून पाहिल्याशिवाय न दिसणाऱ्या टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांत अधिक असते. पाण्याचे बाष्प उडून प्लेट सुकू नयेत म्हणून त्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

प्रदूषक पचवणारे जिवाणूच हवे असतील, तर ज्यात कार्बनचा दुसरा स्रोत नाही अशा क्षारमाध्यमाच्या प्लेट कराव्यात. लिंडेन पाण्यात लिटरमागे जेमतेम सात मिलिग्रॅम विरघळते. म्हणून ते अॅसिटोनमध्ये विरघळवून प्लेटवर पसरतात आणि अॅसिटोन उडून जाऊ देतात. अगारावर दुधाळ पांढरा पापुद्रा उरतो. त्यावर वाढणाऱ्या वसाहतींपैकी एखादीच्या भोवती काही दिवसांनी काचेसारखे स्वच्छ वर्तुळ दिसू लागते, कारण तिथले लिंडेन तिने फोडलेले असते. पहिल्यांदा हे वर्तुळ पाहणारा विद्यार्थी सगळ्या प्रयोगशाळेला बोलावून आणतो आणि ते बरोबरच आहे. पण शेजारी एचसीएच न घातलेली, बाकी सर्व तीच असलेली प्लेट ठेवलेली असावी. अगारातल्या अशुद्धींवर आणि हवेतून आलेल्या कार्बनवरही काही जिवाणू नुसते तग धरून राहतात. त्यांची वाढ पाहून ते प्रदूषक खातात असा समज होतो.

संवर्धन समृद्ध करण्याची पद्धत, म्हणजे माती द्रवमाध्यमात घालून दर आठवड्याला थोडे द्रावण नव्या माध्यमात उचलणे, लोकप्रिय आहे. प्रदूषक जोमाने पचवणारा जिवाणू तिने लवकर हाती लागतो. परंतु प्रत्येक बदलीत सर्वांत वेगाने वाढणारा बाकीच्यांना मागे टाकत जातो आणि पाचव्या बदलीनंतर मातीतली विविधता जवळपास संपलेली असते. नवी प्रजाती हे उद्दिष्ट असेल, तर आधी थेट मातीवरून प्लेट कराव्यात आणि समृद्धीकरण नंतर करावे, असे माझे मत आहे.

शुद्धता

एकच वसाहत उचलून नव्या प्लेटवर रेघा ओढायच्या, पुन्हा एक सुटी वसाहत उचलायची, आणि हे निदान तीनदा करायचे. प्रत्येक वेळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. हे कंटाळवाणे काम टाळल्याची किंमत मी मोजली आहे. एका पिवळ्या वसाहतीच्या १६एस जनुकावरून (त्याबद्दल पुढे) ती स्फिंगोबियमच्या जवळची ठरली, पण तिची मेदाम्ले (पेशीतल्या स्निग्ध पदार्थांचे घटक) त्या वंशाशी जुळेनात. चार महिने आम्ही यंत्राला दोष देत होतो. शेवटी प्लेट उजेडासमोर तिरकी धरल्यावर पिवळ्या वसाहतीच्या कडेला पारदर्शक, पातळ अशी दुसरी झालर दिसली. दोन जिवाणू एकमेकांच्या आधाराने राहत होते आणि आम्ही त्यांना एक समजत होतो. शुद्ध संवर्धन मिळताच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांना, निदान दोन वेगळ्या शीतकपाटांत जपून ठेवावे.

१६एस : पहिली चाळण

सर्व जिवाणूंमध्ये असणारे १६एस आरआरएनए जनुक सुमारे दीड हजार अक्षरांचे असते. ते पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याच्या पद्धतीने, वाढवून दोन्ही बाजूंनी वाचून घ्यावे. बाहेरून आलेली अक्षरांची फाइल जशीच्या तशी वापरू नये. तिच्यासोबत आलेला चार रंगांच्या शिखरांचा आलेख स्वतः उघडून पाहावा आणि जिथे दोन शिखरे एकमेकांवर चढली असतील, तिथली अक्षरे नीट तपासावीत.

मिळालेला क्रम कशाशी ताडून पाहायचा, हा पुढचा प्रश्न आहे. ब्लास्ट या क्रम शोधण्याच्या सार्वजनिक संगणकीय साधनावर शोध घेतला तर वरच्या ओळींत बहुधा 'संवर्धन न झालेला जिवाणू' अशाच नोंदी येतात किंवा कोणीतरी घाईने नाव चिकटवलेले स्ट्रेन (वेगळे काढून जपलेले एकेक शुद्ध संवर्धन) येतात. त्यांच्याशी ९९.९ टक्के साम्य असले काय आणि नसले काय, त्याने काहीच सिद्ध होत नाही. तुलना टाइप स्ट्रेनशीच करायची असते. ज्या एका जिवंत स्ट्रेनच्या आधारे प्रजातीचे नाव अधिकृतपणे ठेवले गेले, तो टाइप स्ट्रेन. इझीबायोक्लाउडसारख्या संग्रहात टाइप स्ट्रेनचे क्रम वेगळे काढून ठेवलेले आहेत आणि एलपीएसएन या सूचीत नावे वैध आहेत की नाहीत हे पाहता येते.

सीमारेषा कोणती, याची उत्तरे काळाबरोबर बदलली. १९९४ साली ९७ टक्के हा आकडा पुढे आला आणि तो अजून कित्येक क्रमिक पुस्तकांत ठाण मांडून बसला आहे. २००६ साली तो ९८.७ ते ९९ टक्क्यांवर नेण्यात आला आणि २०१४ साली जनुकसंचांशी (जिवाणूंच्या संपूर्ण डीएनएशी) पडताळून ९८.६५ टक्के सुचवला गेला. व्यवहारात याचा अर्थ असा की १४५० अक्षरांत १९ फरक असतील तर साम्य ९८.६९ टक्के भरते आणि २० फरक असतील तर ९८.६२ टक्के. एका अक्षराने पारडे फिरते, आणि वर आलेख स्वतः तपासायला सांगितले ते यासाठीच. साम्य या रेषेच्या खाली असेल, तर जिवाणू नवा असण्याची शक्यता दाट आहे. रेषेच्या वर असेल तर मात्र तो जुनाच आहे असे ठरत नाही. बॅसिलस वंशात १६एस जवळपास सारखे असलेल्या वेगळ्या प्रजाती आहेत. १६एस हे जनुक संशयिताला रांगेत उभे करते, निकाल देत नाही.

जिवाणूंचे नाते दाखवणाऱ्या एका झाडाच्या आकृतीवर विसंबू नये. कमीत कमी दोन पद्धतींनी वंशवृक्ष काढावा, एक हजार बूटस्ट्रॅप (फांद्या किती भरवशाच्या आहेत हे पाहण्यासाठीच्या फेरगणना) घ्यावेत आणि आपला जिवाणू दोन्हींत एकाच फांदीवर बसतो का, ते पाहावे.

जनुकसंच : निकाल

पूर्वी दोन जिवाणूंचा डीएनए एकत्र तापवून, थंड करून, किती जुळतो ते मोजत (याला डीएनए संकरण म्हणतात) आणि ७० टक्क्यांच्या खाली साम्य आले तर प्रजाती वेगळी मानत. लिंडेन पचवणारे भारतातले बी९०ए, जपानमधले यूटी२६ आणि फ्रान्समधले एसपी-प्लस हे तीन प्रसिद्ध स्ट्रेन वर्षानुवर्षे स्फिंगोमोनास पॉसिमोबिलिस या एकाच नावाने वावरत होते. २००५ साली डीएनए संकरण आणि इतर कसोट्या एकत्र लावल्यावर ते तिघे त्या प्रजातीचे तर नाहीतच, शिवाय एकमेकांपासूनही वेगळे आहेत असे दिसले आणि स्फिंगोबियम इंडिकम, स्फिंगोबियम जपोनिकम आणि स्फिंगोबियम फ्रॅन्सेन्स अशी तीन नावे जन्माला आली. तिघे एकच विष पचवतात, म्हणून ते एक नव्हेत.

याचे कारणही समजून घेण्याजोगे आहे. लिंडेन फोडणाऱ्या लिन जनुकांपैकी काही प्लाझ्मिडवर (मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या वेगळ्या वर्तुळावर) असतात आणि त्यांच्या आसपास आयएस६१०० हे उड्या मारणारे जनुकखंड आढळतात. त्यामुळे ही क्षमता एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते आणि प्रयोगशाळेत लिंडेनशिवाय वाढवत राहिल्यास हरवूही शकते. जी गोष्ट अशी हातोहात फिरते, तिच्यावर ओळख उभी करता येत नाही.

आता संकरणाची जागा संगणकाने घेतली आहे. पूर्ण जनुकसंच वाचून घ्यावा, प्रत्येक अक्षर सरासरी निदान ५० वेळा वाचले गेलेले असावे आणि चेकएम यासारख्या साधनाने भेसळ तपासावी. त्या जनुकसंचातले १६एस आणि आपण आधी वाचलेले १६एस तंतोतंत जुळते का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. जुळले नाही तर कुठेतरी नळी बदलली गेली आहे. मग सर्व जवळच्या टाइप स्ट्रेनशी दोन आकडे काढावेत : सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य आणि संगणकीय डीएनए संकरण. पहिला आकडा ९५-९६ टक्क्यांच्या खाली आणि दुसरा ७० टक्क्यांच्या खाली असेल, तर प्रजाती वेगळी. जर्मनीतल्या डीएसएमझेड संस्थेच्या टीवायजीएस या संकेतस्थळावर संगणकीय संकरणाचे काम विनामूल्य होते. पहिला आकडा ९५.४ आला, तर घाई करू नये. अशा वेळी एकाच प्रजातीचे आणखी स्ट्रेन मिळवावेत आणि इतर पुराव्यांकडे पाहावे.

देहलक्षणे

जनुकसंच हाती असताना मेदाम्ले कशाला, असे तरुण अभ्यासक विचारतात. प्रश्न गैर नाही. पण वर्णनाच्या लेखात ही माहिती अजूनही अपेक्षित असते आणि ती वंशाच्या पातळीवरची चूक पकडून देते. ग्रॅम रंजन, चलनवलन, कॅटालेज, ऑक्सिडेज, तापमान, सामू आणि मीठ यांच्या मर्यादा, कोणत्या शर्करा वापरतो, पेशीतली मेदाम्ले, क्विनोन (श्वसनात भाग घेणारे रेणू) आणि ध्रुवीय मेद इतके तरी तपासावे. स्फिंगोबियमसारख्या वंशात क्यू-१० हे क्विनोन, मेदाम्लांत १८ कार्बनचे एकअसंपृक्त आम्ल आणि स्फिंगोलिपिड दिसायला हवेत. ते नसतील तर मागे वळून शुद्धता तपासावी.

येथे नेहमी होणारी चूक म्हणजे आपल्या जिवाणूची चाचणी स्वतः करून, जवळच्या टाइप स्ट्रेनचे निकाल मात्र जुन्या लेखातून उचलणे. अगार वेगळे, तापमान वेगळे, वाढीची अवस्था वेगळी असेल, तर मेदाम्लांचे प्रमाण तेवढ्यानेच बदलते. टाइप स्ट्रेन विकत मागवावेत आणि त्याच दिवशी, त्याच माध्यमावर, शेजारी शेजारी वाढवावेत. खर्च होतो, पण त्याला पर्याय नाही.

नाव

नाव लॅटिन धाटणीचे असावे लागते आणि विशेषण वंशनामाच्या लिंगाप्रमाणे चालते. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपणही 'नवे रोप' म्हणतो आणि 'नवी वेल' म्हणतो. स्फिंगोबियम नपुंसकलिंगी, म्हणून लखनौवरून नाव ठेवताना स्फिंगोबियम लखनौएन्स झाले. डेव्होसिया स्त्रीलिंगी, म्हणून तिथे डेव्होसिया लखनौएन्सिस. गावाचे नाव देणे रूढ आणि निर्धोक आहे. प्रदूषक पचवण्याच्या गुणावरून नाव ठेवण्याचा मोह आवरावा, कारण त्याच प्रजातीचा पुढे सापडणारा स्ट्रेन तो गुण न बाळगणारा निघू शकतो. स्वतःचे नाव देण्याची प्रथा नाही.

वंशाचे नाव नंतर बदलू शकते, याचीही तयारी ठेवावी. बेल्जियममध्ये जस्ताच्या कारखान्यातून १९७६ साली मिळालेला धातुसहिष्णू सीएच३४ हा स्ट्रेन २००१ साली राल्स्टोनिया मेटॅलिड्युरन्स झाला, २००४ साली वॉटर्सिया झाला आणि त्याच वर्षी कुप्रियाविडस. जिवाणू तोच राहिला आणि विशेषणही तेच राहिले.

स्ट्रेन जमा करणे आणि प्रसिद्धी

आंतरराष्ट्रीय नामसंहितेप्रमाणे टाइप स्ट्रेन दोन वेगळ्या देशांतल्या किमान दोन सार्वजनिक संग्रहांत जमा असावा लागतो. महाराष्ट्रातल्या अभ्यासकांच्या हाताशी पुण्यात एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचा एमसीसी हा संग्रह आहे; चंदीगडला इमटेक या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेचा एमटीसीसी आहे. परदेशी संग्रहाकडे स्ट्रेन पाठवताना जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाशी पत्रव्यवहार करावा लागतो. अर्जाचे नमुने बदलत असतात, म्हणून सध्याचा नमुना प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून घ्यावा. लेख पूर्ण लिहून झाल्यावर या कामाला लागणारे वर्षभर ताटकळतात. जनुकसंचाचे आकडे अनुकूल दिसू लागताच कागदपत्रे सुरू करावीत. संग्रहाचे प्रमाणपत्र येण्यापूर्वी तिथे स्ट्रेन जिवंत आणि शुद्ध आहे का याची तपासणी होते, हेही वेळापत्रकात धरावे.

१६एस आणि जनुकसंच सार्वजनिक कोशात जमा करून त्यांचे क्रमांक लेखात द्यावेत. वर्णन जिवाणूंच्या वर्गीकरणाच्या आयजेएसईएम या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, किंवा दुसरीकडे प्रसिद्ध होऊन तिथल्या वैधता-यादीत आले, की नाव वैध होते. संवर्धन होऊच न शकणाऱ्या जिवाणूंसाठी २०२२ पासून जनुकसंचालाच टाइप मानणारी सीककोड ही वेगळी संहिता उपलब्ध झाली आहे. ज्याच्या प्लेटवर वसाहत वाढलेली आहे, त्याने मात्र जिवंत स्ट्रेन जमा करण्याचाच मार्ग धरावा, कारण वर्णनातले प्रत्येक विधान पुढच्या अभ्यासकाला तोच स्ट्रेन मागवून स्वतः तपासता येते.